पावणाईचा उजवा खांदा

आता जे सांगतोय त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि नाही बसला तर माझं काही बिघडत नाही. मी, केरबा पाथरवट, एका टाकीच्या आणि मूठभर कुरुंदाच्या जोरावर जागृत देवीला माझ्या मनातलं उत्तर द्यायला लावलं. सगळ्या गावादेखत, दिवसाढवळ्या, आणि गावानं वर हात जोडले.

माझ्या थापा तीन तालुक्यांत ठाऊक आहेत, हे मी नाकारत नाही. मी घडवलेल्या नंदीपुढं एकानं बाजारात वैरण टाकली आणि खात नाही म्हणून मलाच शिव्या घातल्या, ही माझीच. पण ही गोष्ट त्यातली नव्हे. ही मी चाळीस वर्षं सांगतोय आणि ऐकणारा प्रत्येक जण मांडीवर थाप मारून हसलाय. फक्त घाटाखाली ती कधी सांगितली नव्हती. आणि काल घाटाखालचाच माणूस घाट चढून माझ्या छपरीत आला. सगुण गुरव. आंबेखोलच्या पावणाईचा पुजारी, बाबल गुरवाचा नातू. पस्तिशीचा असेल, शाळा शिकलेला, बोलायला कमी. त्याला देवळापुढं दीपमाळ उभी करायची आहे, म्हणून दगड बघायला आलेला.

माझा मुलगा महिपती माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, या पाहुण्याला तरी सोडा."

मी सोडलं नाही. पाहुण्याला पाटावर बसवलं, भाजलेल्या शेंगा पुढं केल्या आणि सुरुवात केली.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. हातात जोर, डोक्यात त्याहून जास्त. आंबेखोलहून बोलावणं आलं ते पावणाईच्या मूर्तीसाठी. काळ्या दगडाची, अडीच हात उंच, उभी मूर्ती. पण किती पिढ्यांचं दही-दूध आणि नारळाचं पाणी तिच्या अंगावरून गेलेलं, त्यावर गुरवांच्या तळव्यांची रोजची चोळण. चेहरा वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा झाला होता. नाक गेलं होतं, ओठांची नुसती रेघ राहिली होती, दोन्ही खांद्यांवर खड्डे पडले होते.

गावात दोन तट होते. दाजी परब हे गावचे मानकरी, उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला लागले की देवळातली कबुतरंही गप्प बसत. त्यांचं म्हणणं, झिजलेली मूर्ती खाडीत सोडावी आणि पांढऱ्या दगडाची नवी आणावी. बाबल गुरव म्हणायचा, हिलाच पुन्हा रेखून घ्या, नवी नको. सात पिढ्या त्याच्या घराण्यानं हिला न्हाऊ घातलेलं. शेवटी देवीलाच विचारलं, आणि देवीनं बाबलच्या बाजूनं सांगितलं.

विचारलं म्हणजे कसं, ते घाटावरच्या माणसांसाठी सांगतो. तिकडं त्याला कौल लावणं म्हणतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवीची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. पुढंही मी उजवा-डावा म्हणेन तो तिचाच धरा. घाटाखाली लग्न असो, विहीर असो, भावाभावातलं भांडण असो, त्या दोन पाकळ्यांशिवाय काही ठरत नसे.

मी पोचलो त्या दिवशी आधी देवीला मूर्तीतून बाहेर काढलं. देव आत असताना त्याच्या अंगावर टाकी चालवता येत नाही. चालवली तर ती कारागिरी राहत नाही, इजा होते. भटजी आले, मंत्र झाले, दर्भाची काडी देवीच्या छातीला टेकवून दुसरं टोक तांब्याच्या कलशातल्या पाण्यात धरलं. काडीवाटे देवी पाण्यात उतरली. पाण्यात तुळस आणि कुंकवाच्या अक्षता टाकल्या, वर नारळ ठेवला, कलश बाबलच्या हातात दिला. नवव्या दिवशी तेच पाणी मूर्तीवर ओतलं की देवी आपल्या घरी परत. तोवर सांभाळायची जबाबदारी गुरवाची. दाजींनी सगळ्यांसमोर तसं बजावूनच सांगितलं.

देवी बाहेर गेल्यावर मी बोटाच्या पेरानं मूर्तीवर टिचकी मारली. पाथरवटाची सवय. दगडाला नाद असतो. चांगला दगड काशाच्या भांड्यासारखा वाजतो. ही बद्द वाजली. भिजल्या लाकडासारखी. मी म्हटलं, पिढ्यान् पिढ्यांचं पाणी मुरलंय, दुसरं काय. बाबल दारात उभा होता. त्यानंही तो आवाज ऐकला, आणि कलश छातीशी घट्ट धरून आतल्या खोलीत गेला.

काम सुरू झालं. पहिले पाच दिवस मी तिचा चेहरा काढत होतो. काढत होतो म्हणजे नवा घडवत नव्हतो. आत जो होता तो शोधत होतो. जुन्या कारागिरानं नाकपुडीशी एक बारीक रेघ मारून ठेवली होती, ती धरून गेलं की नाक आपोआप सापडायचं. दोन्ही खांद्यांवरचा एकेक थर टाकीनं उतरवला, खड्डे गेले. पण टाकी दगडावर दात ठेवते. बारीक, एकाशेजारी एक, खरखरीत. ते दात कुरुंदानं, म्हणजे त्या कठीण दगडाच्या भुकटीनं, आणि पाण्यानं घोटून काढायचे, मग दगडाला आरशाची चमक येते. घोटण्याचं काम शेवटी.

बाबल रोज दुपारी आतून कलश घेऊन यायचा आणि माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर ठेवायचा. मी विचारलं, हे कशाला. म्हणाला, तिच्या अंगाचं काम चाललंय, तिनं ते बघायला नको का.

सहाव्या दिवशी मी डावा खांदा घोटायला घेतला. चैत्रातलं ऊन, देवळाची कौलं तापलेली. पाठीमागं कलश होता. त्यावरचा नारळ उष्म्यानं तडकला आणि पाणी झिरपायला लागलं, तसा बाबलनं तो उचलला, कलशावर केळीचं पान झाकलं आणि नवा नारळ आणायला घरी गेला. घर काही लांब नव्हतं, पण नारळ झाडावरून पाडायचा होता. जाताना म्हणाला, लक्ष ठेव. मी हं म्हटलं. घोटणाऱ्याचं हं म्हणजे काही नसतं.

घोटताना दगड कोरडा पडू द्यायचा नसतो. कुरुंदाचा काला सुकला की चरे पडतात, आणि एकदा चरा पडला की सगळा थर पुन्हा उतरवा. माझी नजर खांद्यावर, उजवा हात गोल गोल फिरतोय, आणि डावा हात मागं जाऊन तांब्या उचलतोय, ओततोय, परत ठेवतोय. माझा पाण्याचा तांब्या तांब्याचाच होता. बाबलचा कलशही तांब्याचाच. हात आपोआप जातो तेव्हा तो बघत नाही. पान कधी बाजूला सरलं ते मला कळलंही नाही.

तासभर घोटलं. खांदा असा उजळला की त्यात दाराचा उजेड दिसायला लागला. मी समाधानानं बोटानं काला पुसला, आणि बोटाला काहीतरी लागलं. तांदळाचा दाणा. लाल. त्याच्या शेजारी तुळशीचं पान, दगडाला चिकटलेलं.

मागं वळून बघितलं. माझा तांब्या काठोकाठ भरलेला, जिथल्या तिथं. कलश रिकामा.

सगळी देवी मी तिच्याच खांद्यावर ओतून, कुरुंदात कालवून, गाभाऱ्याच्या पन्हळीतून बाहेर सोडली होती.

पुढं काय केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही, कारण तेव्हा वाटली नाही. तेव्हा नुसती भीती वाटली. माझा तांब्या कलशात उपडा केला. तुळशीचं पान दगडावरून सोडवून आत टाकलं. सापडल्या तेवढ्या अक्षता धुऊन आत टाकल्या. वर केळीचं पान. बाबल नारळ घेऊन आला तेव्हा मी पाठमोरा, घोटत होतो. त्यानं नारळ ठेवला, नमस्कार केला आणि थोडा वेळ उभा राहिला. मग कलश उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी दाजी परब काम बघायला आले. त्यांनी चेहरा बघितला, मिशीवरून हात फिरवला, आणि मला वाटलं, खूश झाले. मग ते पन्हळीपाशी वाकले. काळा काला रात्रीतून सुकला होता आणि त्यात दोन लाल दाणे होते. मी आत शोधत राहिलो होतो, बाहेर बघायचं राहून गेलं होतं.

दाजींनी दाणे तळहातावर घेतले. आवाज चढवला नाही. बाबलला हाक मारली आणि तळहात त्याच्यापुढं धरून हे कुठून आलं ते विचारलं.

"गुरवानु, ह्या खयसून इलां?"

बाबलनं दाण्यांकडं बघितलं. मग एक क्षण, एकच क्षण, माझ्याकडं. मी टाकीचं टोक बघत होतो. जणू ते मोडलंय की काय याची मला फार काळजी होती.

"नारळ तडाकलो होतो," बाबल म्हणाला. "कलश उघडो टाकून मीया घराक गेलंय. चूक माझी."

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. कुणी म्हणे कुत्रं आलं असेल, कुणी म्हणे गुरवाचा धक्का लागला. कलशात पाणी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. ते कुठलं आहे हे कुणाला सांगता येत नव्हतं. दाजींनी निर्णय सांगितला, तो मी अजून शब्दाशब्दानं सांगू शकतो. नवव्या दिवशी ठरल्याप्रमाणं पाणी ओतायचं. मग कौल लावायचा आणि देवीलाच विचारायचं, तू घरात आलीस का. शेजारच्या गावचा गुरव येऊन पाकळ्या लावेल, बाबलनं हात लावायचा नाही. उजवी पडली तर सगळं पूर्वीसारखं. डावी पडली तर हा नुसता दगड आहे. तो खाडीत जाईल, नवी मूर्ती येईल, आणि बाबल गुरव देवळाची किल्ली ठेवून उतरेल. त्याच्या घरातला कुणी पुन्हा गाभाऱ्यात शिरणार नाही.

बाबल फक्त मान हलवत होता. साठीचा माणूस, उघड्या अंगाचा, गळ्यात जानव्यासारखी उपरण्याची गुंडाळी. मी दहा पावलांवर होतो. तोंड उघडायला दहा पावलंही लागत नव्हती. मी नाही उघडलं. स्वतःला समजावलं की खरं सांगून तरी काय, मूर्ती बाटली असंच ठरणार. हे समजावणंही थापच होती, पण स्वतःला मारलेली थाप माणसाला लवकर पटते.

आठव्या दिवशी सकाळी मी देवळात एकटा होतो. उद्या पाकळ्या लागणार, आणि मला जे दिसत होतं ते त्या गावात दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. डावा खांदा मी आरसा केला होता. उजव्यावर अजून टाकीचे दात होते. ओली पाकळी उतरत्या, घोटलेल्या दगडावर ठेवा. ती थारा धरत नाही, घसरते. टाकीच्या दातांवर ठेवा. पाणी त्या चरांत साठतं आणि पाकळीला धरून ठेवतं. दुपारपर्यंत धरील. म्हणजे उद्या काय होणार ते माझ्या कुरुंदानं आधीच लिहून ठेवलं होतं. डावी पडणार. नाही. देवी आली नाही.

उपायही माझ्याच हातात होता. आठवा दिवस त्याचसाठी मोकळा होता. उजवा खांदा घोटायचा राहिलाच होता. तो डाव्यापेक्षा जास्त घोटायचा, इतका की त्यावर माशीचे पायही टिकू नयेत. मग उजवी आधी घसरणार. बाबलची किल्ली बाबलकडं, मूर्ती गाभाऱ्यात, माझं गुपित माझ्यापाशी.

मी कुरुंद भिजवला. सुरुवात करायच्या आधी, हाताची सवय, पेरानं टिचकी मारली.

खणकन वाजली.

मी पुन्हा मारली. काशाच्या घंटेसारखा नाद, गाभाऱ्यात फिरला, बाहेर सभामंडपात गेला, परत आला. आठ दिवसांपूर्वी जी बद्द वाजली होती, ती हीच. आता आठ दिवस दही-दूध अंगावर पडलं नाही म्हणून वाजतोय, असं मी म्हटलं. कुणीही पाथरवट तसंच म्हणेल. पण माझ्या हातातला कुरुंदाचा गोळा खाली पडला, हेही खरं.

दारात बाबल उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, हा आता रडेल किंवा मला मारील.

मी म्हटलं, "बाबलकाका, त्या दिवशी ते पाणी..."

"म्हायत आसा," तो म्हणाला. "मीया नारळ घेऊन इलंय तेव्हा कलश भायरसून वलो होतो. आणि तुझो तांब्यो रिकामो."

म्हणजे त्याला त्याच दुपारी कळलं होतं. गाव गोळा झालं तेव्हा कळलेलंच होतं. चूक माझी म्हणताना कळलेलंच होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

बाबल आत आला, मूर्तीपुढं बसला. आणि मला जे विचारलं ते मी पुढं कुठल्याही गावात, कुठल्याही कट्ट्यावर, जसंच्या तसं सांगितलं आहे, कारण त्यात घालायला मला कधी काही सापडलं नाही.

"तू तां पाणी ओतलंस खय? तिच्याच आंगार मां?"

"हो."

"मगे?"

पन्हळीतून कबुतराचं एक पीस आत उडून आलं आणि त्याच्या पायाशी थांबलं. तो ते बघत राहिला. मग म्हणाला की भटजींच्या काडीनं ती बाहेर गेली तेव्हा दगड कसा वाजला हे त्यानं ऐकलं होतं, आणि आत्ता कसा वाजला हेही. नवव्या दिवसाची वाट बघायला तिला कुणी सांगितलं होतं? पण हे गावाला कसं सांगायचं. कारागिराच्या हातून, कुरुंदातून, मंत्राशिवाय ती घरी आली, हे दाजी परबांना कोण पटवणार.

मी त्याला दोन्ही खांदे दाखवले. कुठला घोटलाय, कुठला नाही, उद्या काय होईल आणि ते बदलायला मला फक्त आजचा दिवस पुरे आहे, हे सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. उजव्या खांद्यावर तळवा ठेवून टाकीचे दात चाचपले. मग उठला.

"आता तिका हात लावू नको," तो म्हणाला. "गाव इचारतलो, ती सांगतली."

"आणि डावी पडली तर?"

"तर तिणाच सांगितल्यान मां."

मी मान हलवली. तो गेला. आणि आता ऐका, कारण माझी खरी हुशारी इथून सुरू होते. तो पायऱ्या उतरून दिसेनासा झाला तसा मी दार लोटलं, कुरुंदाचा गोळा उचलला आणि उजव्या खांद्याला भिडलो. म्हाताऱ्याच्या भाबडेपणापायी त्याचं सात पिढ्यांचं घर बुडू द्यायला मी काही त्याच्यासारखा भोळा नव्हतो. सकाळपासून ऊन कलेपर्यंत घोटलं. आधी जाड कुरुंद, मग बारीक, मग नुसती राख आणि नारळाची शेंडी. बोटांची कातडी निघाली. शेवटी त्या खांद्यात मला माझ्या मिशीचा एक एक केस दिसत होता. टाकी पुसून ठेवली, अंग धुतलं आणि पोटभर जेवलो.

नववा दिवस. देऊळ भरलं, अंगण भरलं, माणसं अंगणाच्या दगडी गडग्यावर चढली. भटजींनी कलशातलं पाणी, म्हणजे माझ्या तांब्यातलं विहिरीचं पाणी, मंत्र म्हणत देवीवर ओतलं. शेजारच्या गावचा गुरव पुढं झाला. दाजींनी स्वतः दोन पाकळ्या निवडल्या, एकीवर एक ठेवून मापल्या, दोन्ही एकाच भांड्यात बुडवल्या आणि त्याच्या हातात दिल्या. दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लागल्या. बाबल गाभाऱ्याच्या बाहेर, खांबाला टेकून. त्याच्या हातात किल्ली होती. आधीच काढून आणली होती.

गाऱ्हाणं सुरू झालं. आई पावणाय, तुझ्या घरात तू इलंस काय, ता लेकरांका सांग. गाव म्हणालं, व्हय म्हाराजा.

काही झालं नाही.

माणसांचा श्वास ऐकू येत होता. कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं झालं. व्हय म्हाराजा. आणि डावी पाकळी हलली.

मी बघत होतो. बोटभर घसरली. आणखी बोटभर. दाजी परब पुढं झाले. डावी पाकळी दंडावरून उतरत उतरत आली आणि बाजूबंदाच्या कोरलेल्या कडेवर येऊन टेकली. अर्धी आत, अर्धी बाहेर. तिथं थांबली. एका श्वासानं पडेल अशी. मी माझा श्वास धरून ठेवला; खोटं सांगत नाही, देवळातल्या प्रत्येकानं धरला होता. बाबलनं डोळे मिटले नव्हते. तो पाकळीकडं बघतही नव्हता. तिच्या तोंडाकडं बघत होता, मी शोधून काढलेल्या.

तिसरं गाऱ्हाणं. गुरवाचा आवाज फाटला होता. व्हय म्हाराजा म्हणायला अर्ध्या गावाला आवाज फुटला नाही.

उजवी पाकळी सुटली.

घसरली नाही. सुटली. परडीतलं फूल कुणीतरी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवावं तशी खांद्यावरून निघाली आणि सरळ पायाशी येऊन पडली. त्या खांद्यावर पाण्याचा थेंबही ओघळला नाही.

मग आवाज झाला तो मी सांगत नाही. दाजी परब, ते उंच, मिशांचे दाजी परब, जमिनीवर आडवे झाले. उठल्यावर बाबलपाशी गेले आणि त्याच्या हातातली किल्ली त्याच्याच मुठीत दाबून बंद केली. बाबल आत आला, डाव्या बाजूबंदावर अडकलेली पाकळी उचलली आणि माझ्याकडं बघितलं. मी हातोडी-टाक्या बांधल्या आणि त्याच दुपारी घाट चढलो. पुन्हा गेलो नाही.

"तर बघा," मी सगुणला म्हटलं, "सगळं गाव देवीला नमस्कार करत होतं, आणि बोलला होता माझा कुरुंद. चाळीस वर्षं झाली. पटतंय का?"

महिपती नेहमीसारखा हसला. ही गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली आहे, शंभरदा याच जागी हसला आहे.

सगुण हसला नाही. शेंगा त्यानं तशाच ठेवल्या होत्या. तो आपले तळवे उघडून बघत होता. तेलानं काळपट झालेले, बाबलसारखेच रुंद तळवे.

"आबा," तो म्हणाला, "मी तिला रोज सकाळी तेल चोळतो. माझ्याआधी माझे वडील चोळायचे, त्यांच्याआधी आजोबा. तिचा डावा खांदा हातातून माशासारखा निसटतो."

"मग?"

"उजव्या खांद्यावर टाकीचे दात आहेत. अजून. तेल तिथंच अडकतं, रोज काडीनं कोरून काढावं लागतं." त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, जणू ते दात तिथं होते. "त्या खांद्याला कुरुंद कधी लागलेलाच नाही."

महिपतीचं हसणं थांबलं. मी खिशात विडी शोधू लागलो. ती कानावर होती.

सगुणनं मान वर केली आणि माझ्याकडं बघत, सावकाश, छपरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"तुम्ही खोटं बोलताय, आबा. तुम्ही आजोबांचं ऐकलं होतंत. तुम्ही काहीच केलं नाहीत."